लैंगिक गुन्हे करणाऱ्या स्त्रियांवर डिझर्टेशन करायचंय, गाईड म्हणतात मटेरियलच नाही

मुक्ता_गंगापूररोड:

नमस्कार मंडळी. मी एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज नाशिकमधलंच, नाव नको. डिझर्टेशनला विषय घ्यायचाय तो लैंगिक गुन्हे करणाऱ्या स्त्रियांचा. गाईड मॅडमना सांगितलं तर आधी हसल्या, मग म्हणाल्या अगं असं असतं तरी का, आणि असलं तरी किती असतील, हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, मटेरियल कुठून आणशील, त्यापेक्षा मोबाइलचं व्यसन घे, शंभर जणांकडून गूगल फॉर्म भरून घेतला की झालं काम. आता मोबाइलच्या व्यसनावर आमच्याच बॅचमधल्या अर्ध्या पोरी बसल्यात.

विषय डोक्यात आला तो २०२५ मधल्या त्या बातमीवरून, मुंबईत एका शिक्षिकेला अल्पवयीन विद्यार्थ्यावरच्या अत्याचाराबद्दल पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, अटक झाली होती ती. बातमीपेक्षा खालच्या कमेंट जास्त डोक्यात गेल्या. "आमच्या वेळी कुठे होत्या अशा टीचर", "पोरगं नशीबवान", आणि हसणाऱ्या स्मायलींची रांग. हेच सर आणि मुलगी असं असतं तर त्याच लोकांनी फाशी मागितली असती.

तर विचारायचं असं की यावर खरंच नीट संशोधन झालंय का, झालं असेल तर काय सापडलंय, आणि माझा एक मित्र छातीठोक सांगतो की भारतात बाई अशा गुन्ह्यात आरोपी होऊच शकत नाही, ते खरंय का? नाशिकरोड जेलमध्ये जाऊन मुलाखती घ्यायला परवानगी मिळते का, कुणाला अनुभव? मसाला नकोय प्लीज. इनबॉक्समध्ये येऊन "तुला कशाला असले विषय" विचारणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

थेरपी_आणि_चहा:

मुक्ता, विषय सोडू नकोस. मी काउन्सेलिंग करते, शरणपूर रोडला बसते, आणि "असं असतं का" हे वाक्य मी आईवडिलांकडूनच नाही तर आमच्या फिल्डमधल्या लोकांकडूनही ऐकलंय.

"किती असतील" हा तुझ्या मॅडमचा प्रश्न वाईट नाहीये खरं तर, सगळं घोडं तिथेच अडलंय. कॅनडात फ्रँका कोर्टोनी म्हणून संशोधक आहेत, बरीच वर्षं याच विषयावर काम करतात. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २०१७ मध्ये १२ देशांमधली आकडेवारी एकत्र करून पाहिली. पोलिसांकडे नोंद झालेल्या लैंगिक गुन्ह्यांत करणारी बाई किती वेळा, तर २.२ टक्के. आणि पोलीस बाजूला ठेवून लोकांनाच थेट विचारलं, की तुमच्यावर असं काही झालंय का आणि करणारं माणूस कोण होतं, तर ११.६ टक्के. पाचपटीहून जास्त! म्हणजे तुझ्या मॅडम जो आकडा मनात धरून हसल्या तो पोलीस स्टेशनपर्यंत पोचलेला आकडा आहे, झालेल्या प्रकारांचा नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या पुरुषांनी आपल्यावर अत्याचार झाल्याचं सांगितलं त्यातल्या ४० टक्क्यांनी करणारी बाई होती असं सांगितलं. बायकांमध्ये हे प्रमाण ४ टक्के. म्हणजे जे नोंदीत येत नाहीये त्यात मुलगेच जास्त असणार, आणि मुलगे का बोलत नाहीत ते तू त्या कमेंटमध्ये वाचलंसच.

बरं फक्त पीडितच गप्प बसतात असंही नाही. मिरियम डेनॉव्ह यांनी कॅनडातच पोलीस आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याबरोबर काम करून २००४ मध्ये लिहिलंय की दोन्हीकडची माणसं अशी केस समोर आली की तिला आपल्या ओळखीच्या साच्यात बसवायला बघतात, म्हणजे बाई आहे, तिचा तसा हेतू नसेल, त्रास असा किती झाला असेल, वगैरे. शिकलेली माणसं हां. आपल्याकडे तर घरातली मावशी, आत्या, कामवाली ताई, शिकवणीची मॅडम यांनी मुलाला अंघोळ घालणं, जवळ झोपवणं यात कुणाला काही वावगं वाटतच नाही, आणि बहुतेक वेळा वावगं नसतंच, म्हणूनच जिथे असतं तिथे ते लपून जातं.

आणि स्त्री गुन्हेगार थोड्या सापडतात म्हणून प्रत्येक अभ्यास छोटा असतो हेही डोक्यात ठेव. स्वीडनसारख्या सगळी नोंद ठेवणाऱ्या देशात १९८८ ते २००० एवढ्या काळात लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या बायका ९३. अख्ख्या देशात! त्यातल्या साधारण ३७ टक्के बायकांना कधी ना कधी मानसिक आजारासाठी हॉस्पिटलात भरती केलेलं होतं, सामान्य बायकांपेक्षा खूपच जास्त, पण हाणामारीसारख्या हिंसक गुन्ह्यातल्या बायकांशी तुलना केली तर फरक उरत नाही. म्हणजे "असलं करणारी बाई वेडीच असणार" हे म्हणणं पण टिकत नाही.

पंचवटीकर_भाऊ:

बघा, मी इथे कधीपासून बोंबलतोय. बायकांना सगळं माफ. पुरुषावर नुसता आरोप झाला तरी आयुष्यातून उठतो भो, आणि बाई असली की "बिचारी". मुक्ता ताई लिहा तुम्ही बिनधास्त, ह्या फेमिनिस्ट लोकांना आरसा दाखवा. समान हक्क पाहिजे तर समान शिक्षा पण घ्या. माझ्या मते तर निम्म्या केसमध्ये बायकाच असतील, बाहेर येत नाही एवढंच.

सिडकोची_सई:

भाऊ निम्म्या कुठून काढल्या? वर ताईंनी ११.६ लिहिलंय, तोही पोलिसांचा नाही, लोकांना विचारून काढलेला. उरलेले ८८ कोण आहेत मग? याच कारणासाठी मला या विषयाची धास्ती वाटते, कुणी मन लावून एक अभ्यास करायचा आणि तो व्हॉट्सअपवर "बघा बायका पण" म्हणून फिरायचा, आणि ज्या पोरावर झालं त्याचं नावसुद्धा कुणाच्या तोंडी नाही. तुमच्या मेसेजमध्ये एकदा तरी मुलगा आला का? आरसा फेमिनिस्टांना, शिक्षा बायकांना, मुलगा कुठाय?

मुक्ता, विषय घे जरूर, पण प्रस्तावनेतच आकडे पूर्ण दे, अर्धे नको.

पंचवटीकर_भाऊ:

बरं निम्म्या नसतील, पण माफ करतात हे तर खरं ना?

थेरपी_आणि_चहा:

भाऊ ते बऱ्याच अंशी खरंय, अमेरिकेत अशा गुन्ह्यांत बायकांना पुरुषांपेक्षा कमी शिक्षा होते असं अभ्यासात दिसलंय. पण त्यामागे बायकांबद्दल माया आहे असं मला नाही वाटत. पुरुष म्हटला की तो तयारच असणार, त्याला कसला त्रास, ही जी समजूत आहे ना तीच दोन्हीकडे काम करते. मुलाला पीडित मानायचं नाही म्हटल्यावर करणारीला गुन्हेगार कसं मानणार?

अजून एक उदाहरण देते, हे मुक्ताला पण उपयोगी पडेल. अमेरिकेत सरकारच्या न्याय खात्याने २००८-०९ मध्ये बालसुधारगृहांतल्या मुलांचं सर्वेक्षण केलं होतं. स्टाफकडून लैंगिक गैरवर्तन झालं असं सांगणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के मुलांनी करणारी स्टाफमधली बाई होती असं सांगितलं. स्टाफमध्ये बायका होत्या ४२ टक्के. आता हा आकडा एकटा फिरवला तर भाऊ खूश होतील, पण तिथे ठेवलेल्यांत बहुतेक मुलगेच होते हे सोबत सांगावं लागतं. त्यातून कळतं ते एवढंच की किल्ल्या ज्याच्या हातात आणि जिथे बाहेरचं कुणी बघत नाही तिथे धोका, मग ती किल्ली पुरुषाच्या कमरेला असो नाहीतर बाईच्या पदराला.

काळाकोट_सीबीएस:

जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो. मित्राला सांगा "होऊच शकत नाही" हे चूक, पण त्याच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे, आणि नेमकं कुठलं अर्धं ते बघायला कायदा उलगडावा लागेल, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पीडित १८ च्या आतला असेल तर पॉक्सो. २०१२ चा कायदा, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून लागू. यात पीडित मुलगा की मुलगी हा प्रश्नच नाही. आरोपीचं म्हणाल तर कलम ७, म्हणजे लैंगिक हेतूने स्पर्श, "जो कोणी" अशाच भाषेत आहे, तिथे वाद नव्हता. वाद होता कलम ३ चा, म्हणजे शरीरात प्रवेश करून केलेल्या अत्याचाराचा, कारण त्यात इंग्रजीत पुरुषवाचक सर्वनाम आहे आणि बचाव पक्ष ते धरून बसायचा, की बाईला हे कलम लागतच नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली हायकोर्टाने स्पष्ट सांगितलं की त्या सर्वनामात बाईही येते, कायदा मुलांना वाचवण्यासाठी आहे, आरोपी पुरुषच पाहिजे असं त्यात काही नाही. पुढे २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने पण एका बाईवरचा पॉक्सोचा गुन्हा रद्द करायला नकार देताना तसंच म्हटलं. तेव्हा शिक्षिका, नातेवाईक, पाळणाघरवाली, सगळ्या येतात, उलट शाळेतला स्टाफ किंवा नातेवाईक असेल तर गुन्हा "गंभीर स्वरूपाचा" धरून शिक्षा वाढते.

पीडित १८ च्या वर असला की गणित फिरतं. बलात्काराचं कलम पूर्वी आयपीसी ३७५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ६३, दोन्हीत करणारा "पुरुष" आणि सोसणारी "स्त्री". २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सामूहिक बलात्काराच्या एका केसमध्ये बाईवर ते कलम लावता येणार नाही असं सांगितलं, मध्य प्रदेशची केस होती. लॉ कमिशनने २००० सालीच १७२ व्या रिपोर्टमध्ये कायदा लिंगनिरपेक्ष करा म्हटलं होतं. २०१३ च्या फेब्रुवारीत वटहुकूम आला तो लिंगनिरपेक्ष होता, पण दोन महिन्यांत कायदा आला त्यात पुन्हा पुरुष-स्त्री. सईताईंसारख्यांची तेव्हाची भीती अशी होती की आरोपी लिंगनिरपेक्ष केला की तक्रार करणाऱ्या बाईवरच उलटी तक्रार ठोकतील, आणि कोर्टात रोज बसणारा माणूस म्हणून सांगतो, ती भीती हवेतली नव्हती.

पण न्याय संहितेत गुपचूप एक बदल झालाय तो फार कुणी बोलत नाही. बाईचे कपडे जबरदस्तीने उतरवणं आणि चोरून बघणं किंवा फोटो काढणं, या दोन कलमांत पूर्वी "कोणताही पुरुष" होतं, आता ७६ आणि ७७ मध्ये "जो कोणी" आहे. म्हणजे होस्टेलच्या बाथरूममध्ये मुलीनेच मुलीचा व्हिडिओ काढला तर आता थेट हे कलम. पाठलाग आणि लैंगिक छळ यात मात्र अजून पुरुषच. आणि आयपीसीचं ३७७, म्हणजे अनैसर्गिक संबंधांचं कलम, नव्या कायद्यात घेतलंच नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषावर जबरदस्ती झाली, करणारा कुणीही असो, तर नेमकं कलमच नाही, मारहाण, कोंडून ठेवणं, धमकी असं जोडून काम भागवायचं.

आता अभ्यासासाठी सगळ्यात महत्त्वाचं. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, आकड्यात पॉक्सोखाली अटक झालेल्या बायका दिसतील, स्त्री-पुरुष वेगळे रकाने असतात. तो आकडा उचलून "एवढ्या बायकांनी अत्याचार केला" असं लिहू नका. माझ्यासमोर आलेल्या चार्जशीटमध्ये बाई बहुतेक वेळा आरोपी नंबर दोन किंवा तीन असते. नंबर एक नवरा, दीर, नाहीतर सोबत राहणारा कुणी. तिच्यावर कलम १७, म्हणजे गुन्ह्याला मदत केली, नाहीतर २१, म्हणजे माहीत असून कळवलं नाही. बालविवाहाच्या केसमध्ये तर दोन्हीकडच्या आया पण येतात. कोर्टाबाहेर बाकावर बसलेली अशी एक बाई मला आठवते, दुसऱ्या नवऱ्याने पोरीवर केलं ते हिला माहीत होतं असा आरोप, ती सारखी एकच विचारत होती की मी काय केलं, मी तर तेव्हा द्राक्षाच्या पॅकिंगला कामावर होते. आता ही बाई तुमच्या विषयात बसते का? ते तुम्हाला आधी ठरवावं लागेल.

थेरपी_आणि_चहा:

वकीलसाहेब, हे फार कामाचं बोललात, कारण परदेशातलं संशोधनही याच प्रश्नापाशी येऊन अडतं. बायका एकट्याने करतात आणि पुरुषाबरोबर करतात, या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या की नाही.

मुक्ता, जुन्यात जुनं नाव घेतलं जातं ते १९८९ च्या मिनेसोटातल्या अभ्यासाचं, मॅथ्यूज, मॅथ्यूज आणि स्पेल्ट्झ. त्यांनी तीन प्रकार पाडले. एक शिक्षिका-प्रेयसी टाइप, जिला वाटतं की आपण त्या मुलावर प्रेम करतोय, दुसरा लहानपणापासून घरातच अत्याचार बघत आणि सोसत आलेली, आणि तिसरा पुरुषाने भाग पाडलेली. हे तीन प्रकार आजही प्रत्येक पुस्तकात असतात आणि किती बायकांना भेटून काढले माहितीये? १६. नंतर टेक्सासमध्ये २००४ ला व्हँडिव्हर आणि कर्चर यांनी लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी रजिस्टरवरच्या ४७१ बायकांचा डेटा घेऊन सहा प्रकार काढले, पण ते रजिस्टरवरच्या नोंदीवरून, वय, पीडिताचं वय, आधीचे गुन्हे असं, बाईच्या तोंडून काही नाही. मला स्वतःला पहिल्या प्रकाराच्या नावाचाच राग आहे, प्रेयसी कसली, ती तिची स्वतःची समजूत झाली, संशोधकांनी ती उचलून लेबल का करावी.

त्यापेक्षा इंग्लंडमधल्या थेरेसा गॅनन यांचं काम वाच. २००८ मध्ये त्यांनी शिक्षा भोगणाऱ्या २२ बायकांशी बोलून लहानपणापासून गुन्ह्यापर्यंत आणि नंतरचंही सगळं क्रमाने मांडलं. त्यात प्रकारांऐवजी वाटा आहेत. काही जणी ठरवून, योजना करून जातात. काहींना करायचं नसतं पण नवऱ्याच्या धाकाने किंवा तो सोडून जाईल या भीतीने करतात. आणि काहींचं काही ठरलेलंच नसतं, त्या क्षणी जे डोक्यात आलं ते. कोर्टाबाहेरच्या बाकावरची बाई खरंच सामील होती का ते कोर्ट बघेल, पण धाकाने गप्प राहणं आणि धाकाने करणं यातली रेघ किती पुसट असते ते गॅनन वाचताना कळतं. तरी एक सांगते, "नवऱ्याने करायला लावलं" हे प्रत्येक वेळी खरं असतं असं समजू नकोस. एकट्याने करणाऱ्या बायका आहेत, आणि पुरुषाबरोबर करताना पुढाकार घेणाऱ्याही आहेत.

लहानपणीच्या अत्याचाराचा संबंध पण सारखा येतो. २०१५ मध्ये लेव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी ४७ बायकांची माहिती घेतली, सामान्य बायकांच्या तुलनेत यांच्या बालपणी लैंगिक अत्याचाराची शक्यता तिपटीहून जास्त निघाली. हे वाचून लगेच "सोसलेली बाई पुढे तसंच करते" असं लिहिशील तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचा अपमान होईल. सोसलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्या कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत.

नाव_नको:

हे अकाउंट आत्ताच बनवलं. नाशिकरोडला राहतो, नोकरी, बायको, पोरगी, सगळं व्यवस्थित आहे.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या वाड्यातल्या एका बाईंनी माझ्याबरोबर जे केलं ते इथे लिहिणार नाही. बरेच दिवस चाललं. मला तेव्हा कळत नव्हतं की हे वाईट आहे, फक्त घरी सांगायचं नाही एवढं कळत होतं. कॉलेजला असताना एकदा मिसळ खायला गेलेलो, चार मित्र, विषय कसा निघाला आठवत नाही पण मी सांगून टाकलं. एकाने टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, लेका आम्हाला सांगितलं नाहीस कधी, मजा आहे तुझी. बाकीचे हसले. मी पण हसलो. पाव संपला होता म्हणून अजून मागवला आणि विषय क्रिकेटवर गेला.

त्यानंतर बायकोला सोडून कुणाला सांगितलं नाही. तिलाही लग्नानंतर खूप उशिरा, पोरगी झाल्यावर, कारण मी पोरीला कुणाकडेच ठेवू देत नव्हतो आणि रोज भांडणं होत होती. त्या बाई अजून आहेत. लग्नकार्यात भेटतात. लोकांसमोर नमस्कार करावा लागतो.

त्या ४० टक्क्यांचं वाचलं म्हणून लिहिलं. पंचवटीकर भाऊ, तुमचा राग समजतो, पण मला बायकांवर राग नाहीये हो. एका बाईवर आहे. आणि त्या टेबलावर सगळे पुरुषच होते.

पंचवटीकर_भाऊ:

दादा, काय बोलू. माफ करा. वरचं लिहिलं ते तुमच्यासारख्यांचा विचार करून लिहिलं नव्हतं हे खरं आहे.

थेरपी_आणि_चहा:

दादा, लिहिलंत, बरं केलंत. मुलगी झाल्यावर जुनं सगळं वर येणं हे खूप जणांचं होतं, तुमचं डोकं फिरलेलं नाही. कधी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. आणि नमस्कार करावाच लागतो असं काही नाही हो. टाळला तर लोक चार दिवस बोलतील.

बाकीच्यांसाठी, २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत, महाराष्ट्र धरून, १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला होता. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला आणि त्यात मुलगे ५२.९४ टक्के होते. मुलींपेक्षा जास्त. हा रिपोर्ट येऊन इतकी वर्षं झाली तरी गुड टच बॅड टचचं शिबिर म्हटलं की अजून कित्येक शाळा मुलांना मैदानात पाठवतात आणि मुलींना हॉलमध्ये बसवतात, मी स्वतः घेतलीयत अशी शिबिरं.

मुक्ता_गंगापूररोड:

दादा, तुम्ही लिहिलेलं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. तुमचं काहीही मी कुठे वापरणार नाही, इथलं इथेच.

वकील सर आणि ताई, खूप मदत झाली. आता दोन शंका. एक, माझ्या हातात आयतं स्केल हवंय असं मॅडम म्हणतात, पुन्हा गुन्हा करण्याचा धोका मोजणारं, स्टॅटिक ९९ म्हणून आहे ते चालेल का? आणि दुसरी, जेलचं जमत नसेल तर ज्यांच्यावर असं झालंय अशा मुलग्यांच्या मुलाखती घेऊ का, ११वी-१२वीचे, आमच्या क्लासमध्ये ओळखी आहेत.

थेरपी_आणि_चहा:

स्टॅटिक ९९ अजिबात नको, ते पुरुष गुन्हेगारांवर बनवलंय, बायकांना लावायचं नाही असं ते बनवणारेच सांगतात. कारण पण समजून घे. कोर्टोनींच्याच २०१० च्या कामात १० अभ्यासांतल्या २,४९० बायका होत्या, सरासरी साडेसहा वर्षं मागोवा घेतलेला, पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेल्या ३ टक्क्यांपेक्षा कमी. पुरुषांमध्ये हेच साधारण १३-१४ टक्के येतं. म्हणजे पुरुषांची पट्टी लावलीस तर प्रत्येक बाई आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक दिसणार. अर्थात हे पण "पुन्हा पकडल्या गेलेल्या" आहेत, आणि पकडल्याच जात नाहीत हे आपण वर बोललोच, तेव्हा ३ टक्के हा आकडा लिहिताना ती खोच लिही. मॅडमना सांग की या विषयात आयतं स्केल नाही, गुणात्मक काम करावं लागेल. ऐकतील. नाही ऐकल्या तर कोर्टोनींचे दोन्ही पेपर प्रिंट काढून टेबलावर ठेव.

मुलग्यांच्या मुलाखतींचं वकीलसाहेब सांगतीलच, माझ्याकडून ठाम नाही. ट्रेनिंगशिवाय एखाद्या पोराला हे उकरायला लावायचं आणि फॉर्म भरून झाला की आपण घरी, असं नसतं गं.

काळाकोट_सीबीएस:

माझ्याकडूनही नाहीच. पॉक्सोचं कलम १९ वाचा. असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे, कुणीही असो, डॉक्टर, काउन्सेलर, संशोधक, कुणालाच सूट नाही. नाही कळवलं तर २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणजे तुम्ही त्या मुलाला "नाव गुप्त राहील" असं सांगून बसवणार आणि त्याने तोंड उघडलं की तुम्हाला पोलीस स्टेशनला जावं लागणार. नाहीतर तुम्हीच आरोपी, आणि एनसीआरबीच्या त्या रकान्यात अजून एक बाई वाढली!

जेलचं म्हणाल तर परवानगी नाशिकरोडला मागून उपयोग नाही, पुण्याला कारागृह मुख्यालयात अर्ज जातो, कॉलेजच्या पत्रासह, आणि त्याला लागणारा वेळ बघता तुमचं सबमिशन होऊन जाईल. मिळाली तरी या प्रकारातल्या, शिक्षा झालेल्या बायका तिथे किती भेटणार.

त्यापेक्षा हायकोर्टाचे निकाल घ्या. मुंबई हायकोर्टाच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुले आहेत, पीडिताचं नाव त्यात नसतं, कलम २३ आणि इतर तरतुदींमुळे, त्यामुळे एथिक्सचीही अडचण कमी. पॉक्सोमधले जामीन आणि अपिलाचे असे निकाल शोधा जिथे आरोपी बाई आहे. प्रत्येक निकालात बघा की ती एकटी आहे की कुणाबरोबर, कलम ३ किंवा ७ आहे की नुसतं १७-२१, पीडित मुलगा की मुलगी, आणि कोर्टाने तिच्याबद्दल कुठले शब्द वापरले, आई आहे, घर सांभाळते, वगैरे. वर ताईंनी सांगितलेली ती कॅनडातली साच्यात बसवण्याची गोष्ट आपल्या निकालात दिसते का ते त्यातून कळेल. जामीन देताना "अर्जदार महिला आहे" हे वाक्य येतं तेव्हा दचकू नका, ते कायद्यातच आहे, पूर्वी सीआरपीसीचं ४३७ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४८०, बाईला जामिनात सवलत देता येते. ते आणि न्यायाधीशांचं स्वतःचं मत वेगवेगळं कोड करा.

साइटवर कसं शोधायचं ते कळलं नाही तर कोर्टात या, शनिवार सोडून. जेवणाच्या सुट्टीत बार रूममध्ये असतो, ज्युनियरला बसवून दाखवायला सांगतो.

मुक्ता_गंगापूररोड:

सर, सोमवारी येते. मॅडमना "निकालांचं विश्लेषण" असं नाव देऊन मेसेज केला, त्यांचा रिप्लाय आला, "हे चालेल, पण शीर्षकात लैंगिक शब्द नको." आता शीर्षकात काय लिहू ते सुचवा.

सिडकोची_सई:

"पॉक्सो कायद्यातील महिला आरोपी : उच्च न्यायालयाच्या निकालांचा अभ्यास". झालं की. शब्द पण नाही आणि विषय पण तोच.